उजवीकडे कललेलं तारू

तारू तरंगलं, पण उजवीकडे कललं. फार नाही, दीड बोटभर. परक्या माणसाला सांगूनही दिसलं नसतं. पण त्या सकाळी धक्क्यावर जी आठ माणसं उभी होती त्यांत परकं कोणीच नव्हतं, आणि त्यांतल्या दोघांची उभी हयात लाकूड सरळ आहे की वाकडं हे बघण्यात गेली होती. त्यामुळे सगळ्यांना दिसलं आणि सगळे मूग गिळून बसले.

तोंड उघडलं ते जुळ्यांनी. नऊ वर्षांच्या मुलींना गप्प बसायचं कारण कोणी आधी सांगून ठेवलं नव्हतं.

"आजोबा, हे वाकडं झालंय."

"वाकडं नाही," मिस्त्री म्हणाले. "पाण्याला अजून त्याची सवय झाली नाही."

"पाण्याला?" मास्तरने विचारलं. मास्तर म्हणजे मिस्त्रींचा मुलगा आणि जुळ्यांचा बाप. शाळेत विज्ञान शिकवायचा, आणि 'पाण्याला सवय' वगैरे ऐकलं की त्याच्या भुवया आपोआप वर जायच्या.

"हो, पाण्याला. तुझ्या शाळेत नसेल तो धडा."

आईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि हातातली चहाची किटली खाली ठेवली. पन्नास वर्षांच्या संसारात या बाईंनी एक गोष्ट पक्की ओळखली होती: नवऱ्याचा आवाज खाली गेला की भांडण मोठं असतं. आज तो खाली गेला होता.

सहा वर्षं या तारवावर गेली होती. बायबलमधल्या नोहाला देवाने पुराआधी बांधायला सांगितलं होतं ते तारू तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद, तीस हात उंच. तेवढं बांधायला लाकडाचं रान लागलं असतं, म्हणून मिस्त्रींनी प्रत्येक मापाचा दहावा हिस्सा धरला. तीस हात लांब, पाच हात रुंद, तीन हात उंच. दहावा हिस्सा तसाही देवाचाच असतो, असं ते म्हणायचे. आतून बाहेरून राळ, बाजूला एक दार, वर छप्पर. आणि आज दुपारच्या भरतीला घरातल्या आठही माणसांनी त्यात बसून खाडीच्या पलीकडे जाऊन यायचं, हा त्यांचा हट्ट. नोहाच्या तारवातही आठच माणसं होती. जुळ्या जन्मल्या त्या दिवशी मिस्त्रींनी दवाखान्याच्या बाकावर बसून घर मोजलं होतं: आपण, बायको, धाकटा भाऊ, मुलगी, मुलगा, सून आणि या दोघी. आठ भरले, आणि मिस्त्रींच्या डोक्यात तारू शिरलं ते शिरलंच.

आईंनी या सगळ्याला एकच अट घातली होती. "सूनबाईने सही केली तर माझ्या नाती बसतील. नाहीतर तुम्ही आणि भाऊजी जा, आम्ही इथून हात हलवू."

सून बंदरात जहाजांची तपासणी करायची. मोठमोठे कप्तान तिच्यापुढे टोपी हातात घेऊन उभे राहायचे. पण सासऱ्याच्या कामाची परीक्षा सुनेने घ्यायची वेळ आली तेव्हा ती जरा घाबरली होती, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. तिने आपल्या परीने मार्ग काढला. ओळंबा बाहेरून आणला नाही, सासऱ्यांचाच मागितला.

मिस्त्रींनी तो पितळी ओळंबा पेटीतून काढून, शर्टाला पुसून तिच्या हातात दिला होता. "दोरा नवीन घाल," एवढंच म्हणाले.

परीक्षा तशी सोपी होती. छपराच्या तुळईला ओळंबा टांगला. तो झुलू नये म्हणून त्याचं टोक तेलाच्या डब्यात बुडवलं. दोऱ्याला लागून आडवी पट्टी ठेवली. मग वाळूच्या सहा गोण्या डावीकडून उजवीकडे न्यायच्या, दोरा पट्टीवर किती सरकला ते लिहायचं, आणि पुन्हा उलट. गोण्या मास्तर आणि त्याची बहीण नेत होते. ताई नर्स होती. उचलायचं कसं ते तिला भावापेक्षा चांगलं ठाऊक होतं.

"कंबरेतून वाकू नकोस, गुडघ्यातून वाक," ती भावाला म्हणाली. "नाहीतर तू माझ्याच वॉर्डात येशील आणि तिथेही वाद घालत बसशील."

"मी वाद घालत नाही. विचारतो."

"हो हो. आमचे सगळे कटकटे पेशंट विचारतातच."

सून आकडे लिहीत होती. चौथ्या गोणीनंतर तिने पेन्सिल थांबवली, मागचं पान उलटलं, पुन्हा पुढे आली. हे आकडे तिने पूर्वी कुठेतरी पाहिले होते. कुठे ते आठवलं तेव्हा तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो पाचवी गोणी उचलत होता, गुडघ्यातून वाकून.

*

भरतीला अजून दोन तास होते. सगळे शेडमध्ये लांब बाकाभोवती चहा-पाव घेऊन बसले. एरवी त्या बाकावर फळ्या रंधल्या जायच्या. आईंनी भुसा झटकला होता तरी कपात थोडा पडलाच. या घरात चहाला लाकडाची चव येते ही तक्रार फक्त सुनेने केली होती, आणि तीही पहिल्या वर्षीच.

काका टोकाला बसले होते. मिस्त्रींहून सहा वर्षांनी धाकटे, बिनलग्नाचे, आणि बोलायला लावल्याशिवाय न बोलणारे. शेडमध्ये कोणतीही होडी घ्या, डावी बाजू मिस्त्रींची आणि उजवी काकांची. बापाने लावून दिलेली ही रीत. दोघांच्या मध्ये होडी असायची आणि तिच्यावरून आयुष्यभराचं बोलणं व्हायचं. आज काकांनी पावाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

मास्तरला मात्र गप्प बसवत नव्हतं. वडिलांचं तारू कललं याचं त्याला वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटलं की तो शिकवायला लागायचा. हा त्याचा जुना दोष. बायको रुसली की तिला तो पृथ्वीच्या गतीबद्दल सांगायचा.

"बाबा, एक गोष्ट म्हणू? हे तारू तुम्ही बांधलंत ते सुंदर आहे. खरंच सुंदर आहे. पण जगभर पूर आला होता असं त्याने ठरत नाही. मी दर वर्षी मुलांना खाणीवर नेतो. एकावर एक थर दिसतात. एकच मोठा पूर असता तर असे दिसले नसते. ते बसायला लाखो वर्षं लागलीत."

"लाखो वर्षं तू मोजलीस?"

"मी नाही. पण मोजलीत."

"म्हणजे तूही कोणाच्या तरी शब्दावरच विश्वास ठेवतोस."

"फरक आहे. मला शंका आली तर मी स्वतः मोजून बघू शकतो."

"मग बघ की," मिस्त्री म्हणाले. "तारू समोर आहे. चार वर्षांपूर्वी इथेच बसून म्हणाला होतास, तळाला वजन न घालता हे पाण्यात सोडाल तर उलटेल. पुस्तकात दगड घाल म्हणून कुठे लिहिलेलं नाही. मी घातले नाहीत. उलटलं का?"

मास्तर काही बोलणार तोच जुळ्यांतली एक म्हणाली, "आजोबा, पुरात मासे कुठे राहिले होते?"

"पाण्यात."

"म्हणजे त्यांना शिक्षा झालीच नाही?"

"खा पाव," आई म्हणाल्या.

सुनेने वही बंद केली. तिचा स्वभाव भांडखोर नव्हता. पण कागदावर एक आणि तोंडात दुसरं हे तिला सहन होत नसे. बंदरात याच गोष्टीसाठी तिने दोन जहाजं आठवडाभर अडकवून ठेवली होती.

"बाबा, माझं उत्तर आलंय," ती म्हणाली. "तारू उलटणार नाही. आठ काय, सोळा माणसं एका बाजूला बसली तरी उलटणार नाही. तळाला दगडांची गरज नाही. लांबी, रुंदी, उंचीचं हे प्रमाण चांगलं आहे."

मिस्त्रींच्या चेहऱ्यावर काय उमटलं ते लिहून सांगता येण्यासारखं नव्हतं. एकोणऐंशी वर्षांचा माणूस लाजला, एवढंच म्हणता येईल.

"आणि हे त्यालाही माहीत होतं," सून पुढे म्हणाली. "त्याने मोजलं होतं."

"अगं," मास्तर म्हणाला.

"चार वर्षांपूर्वी. तुझ्या निळ्या वहीत. मी तेव्हा विचारलं तर म्हणालास, मुलांसाठी गणित तयार करतोय. आज माझं जे उत्तर आलं तेच तिथे आहे. जवळजवळ आकड्याला आकडा."

ताईने भावाकडे पाहिलं, आणि लहानपणापासून त्याची बाजू घेणारी ताई थोडी सरकून आईजवळ बसली.

"त्यानंतर मी कधीही उलटेल म्हणालो नाही," मास्तर म्हणाला.

"नाही उलटणार असंही म्हणाला नाहीस. तुझ्या वर्गात कोणी उत्तर लपवून ठेवलं तर तू काय करतोस?"

मास्तरने कप फिरवला. चहात भुसा तरंगत होता. तो खोटं बोलणारा माणूस नव्हता आणि म्हणूनच आता त्याला ते जड जात होतं. "बाबांनी ते प्रार्थनेला जमलेल्या सगळ्यांना सांगितलं असतं," तो शेवटी म्हणाला. "माझ्या मुलाने विज्ञानाने सिद्ध केलं, पूर आला होता. होय ना, बाबा? सांगितलं असतंत ना?"

मिस्त्रींनी विचार केला. "सांगितलं असतं," ते म्हणाले. "नक्कीच सांगितलं असतं."

आई खुदकन हसल्या. मग कोणीच हसत नाही हे पाहून त्यांनी रिकाम्या बशीवर फडकं टाकलं.

"पण चार वर्षं," मिस्त्री म्हणाले, "मी रोज प्रार्थनेत एकच विचारत होतो. दगड घालू की नको. नाती बसणार आहेत, चुकलं तर काय, दगड घालू की नको. रोज. आणि उत्तर तुझ्या वहीत होतं."

त्यांनी ते रागाने म्हटलं नाही. रागाने म्हटलं असतं तर मास्तरला बरं वाटलं असतं. लाखो वर्षांच्या थरांबद्दल तो तासभर बोलू शकत होता, पण रोज सकाळी गुडघे टेकणाऱ्या या म्हाताऱ्याला एका वाक्यात मोकळं करता आलं असतं, ते त्याने केलं नव्हतं. कारण काय, तर आपण हरलो असं दिसू नये. त्याला स्वतःची लाज वाटली.

"चुकलं माझं, बाबा."

"चुकलं," मिस्त्री म्हणाले. "पाव घे अजून."

*

मिटलं असं सगळ्यांना वाटलं. सुनेने सहीचा कागद काढला. कलण्याने काही बिघडत नाही, असं तिने समजावून सांगितलं. एका बाजूला थोडं वजन जास्त आहे, कोणत्याही होडीत असतं. दोन गोण्या डावीकडे ठेवल्या की झालं. मिस्त्रींनी ऐकून घेतलं, मान हलवली, आणि कागद हलकेच तिच्याकडे सरकवला.

"तुझी सही खरी आहे, सूनबाई. पण आज जायचं नाही."

"का?" आई, ताई आणि जुळ्या एकदम म्हणाल्या.

"वाकडं तारू मी देवापुढे नेणार नाही. होडी असती तर गोण्या टाकल्या असत्या आणि गिऱ्हाइकाला दिली असती. हे गिऱ्हाइकाचं काम नाही." त्यांनी दोन्ही हात बाकावर ठेवले. "आणि चूक कोणाची ते मला माहीत आहे. माझी. उजवीकडे वजन जास्त नाही, डावीकडे कमी आहे. डावी भिंत बांधली त्या वर्षी माझ्या डोळ्यांत पडदा आला होता. मी कोणाला बोललो नाही. फळ्या हाताने चाचपून रंधत होतो. पातळ झाल्या असणार. धाकट्याची भिंत बघा, त्यावरचं छप्पर बघा. जमिनीवर असताना पाणसळ ठेवली होती, बुडबुडा मधून हलला नाही. मी पडून होतो, याने एकट्याने केलं. डावी भिंत काढतो आणि नव्याने घालतो."

"सगळी?" ताईने विचारलं. "किती दिवस लागतील, बाबा?"

"दोन वर्षं."

ताई रोज म्हाताऱ्या माणसांच्या नाड्या बघायची. बापाचं खुब्याचं हाड तिच्याच दवाखान्यात बसवलं होतं. दोन वर्षं हा शब्द तिने मनात एकदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला.

"अहो," आई म्हणाल्या, "दोन वर्षांनी मला त्यात उचलून कोण ठेवणार? आताच माझे गुडघे फळीवर चढायला कुरकुरतात. आणि नोहाची साडेनऊशे वर्षं तुम्हालाही मिळणार आहेत असं देवाने कळवलंय का काही?"

"थट्टा नको."

"थट्टा नाही करत. मला आज बसायचंय. सहा वर्षं मी त्या तारवाला शिव्या दिल्या, आणि सकाळी ते पाण्यात उतरलं तेव्हा मला रडू आलं. म्हणून आज बसायचंय."

हे आईंच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. मिस्त्रींनीही नाही. ते आतून हलले, पण उठले आणि हत्यारांच्या फळीकडे गेले. खिळे उपटायची पहार त्यांनी खाली घेतली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळ या घरात सगळ्यांच्या परिचयाचा होता. आज सुरुवात केली की ते थांबणार नव्हते.

काका अजून टोकालाच होते. त्यांच्या पावाचा तुकडा तसाच पडला होता.

त्यांना सगळं माहीत होतं. तीन वर्षं माहीत होतं. तारवाचं प्रत्येक माप ज्या काठीने घेतलं ती मिस्त्रींच्या हातावरून कापलेली होती, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. पहिल्या दिवशी प्रार्थना करून कापली होती. 'हात' म्हणजे हात, असं म्हणून मिस्त्रींनी टेप शेडमध्ये येऊच दिली नाही. डावी भिंत त्या काठीवर उभी राहिली. मग मिस्त्री शिडीवरून पडले, खुबा मोडला, आणि काका एकटे राहिले. एका संध्याकाळी फळी घट्ट बसवायला पाचर हवी होती. काकांचं मन दवाखान्यात होतं. बाकावर एक जाडसर काठी पडली होती, ती त्यांनी उचलली, आणि करवतीने तिचे चार तुकडे करून ठोकून दिले. उरलेला तुकडा हातात आला तेव्हा त्याच्यावर मिस्त्रींच्या पेन्सिलीची खूण दिसली.

तेव्हा डावी भिंत मोजून नवी काठी करता आली असती. पण डाव्या भिंतीला आतून-बाहेरून राळ लागली होती, खालचा काठ झाकला गेला होता, आणि काका तेव्हा धड विचार करत नव्हते. त्यांनी स्वतःचा हात बाकावर ठेवला आणि त्यावरून काठी कापली. एका हाताला एक बोट कमी. तीन हात उंचीला तीन बोटं. उजवी भिंत तेवढी बुटकी झाली. छप्पर टेकवताना ते लक्षात आलं, तेव्हा भिंतीच्या माथ्यावर त्यांनी पूर्ण लांबीची एक जाड, जड तुळई घातली आणि तिला पट्ट्यांनी झाकलं. पाणसळीचा बुडबुडा मध्ये आला. मिस्त्री काठी टेकत परत आले, बघून म्हणाले, "तू माझ्यापेक्षा चांगला निघालास." त्या दिवसापासून काकांना जेवण नीट गेलं नव्हतं.

सांगितलं तर काय होईल, याची त्यांना भीती होती. ओरडण्याची नव्हे. दादा ओरडत नसे. दादा म्हणेल, तू नको येऊस. आठांतले सात जातील आणि काका एकटे धक्क्यावर उभे राहतील. बायको नाही, मूल नाही, काकांना मोजायला जगात हे एकच घर होतं. लहानपणी नोहाची गोष्ट ऐकताना त्यांना तारवातल्या माणसांचा आनंद कधी वाटलाच नाही. त्यांना बाहेर राहिलेल्यांचाच विचार यायचा.

मिस्त्री पहार घेऊन दाराकडे निघाले.

"दादा," काका म्हणाले. "डावी भिंत काढू नकोस."

"का?"

"ती बरोबर आहे. उजवी चुकलीय."

आणि त्यांनी सांगितलं. पाचरीचं, पेन्सिलीच्या खुणेचं, स्वतःच्या हाताचं, तुळईचं. सगळं एका दमात, बाकाकडे बघत. एवढं लांब बोलताना त्यांना जुळ्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्या तोंड उघडं ठेवून ऐकत होत्या.

सुनेने पटकन मनात गणित केलं. जड तुळई, पूर्ण लांबी, उजवीकडे आणि तीही वर. दीड बोट. बरोबर जमत होतं.

मिस्त्रींनी पहार खाली ठेवली. "काठी कापली गेली हे समजलं," ते म्हणाले. "चूक कोणाच्याही हातून होते. पण मी दवाखान्यात होतो, मेलो नव्हतो. सायकलने दहा मिनिटं. येऊन माझ्या हातावरून नवी काठी का नाही कापलीस?"

"आलो होतो."

"कधी?"

"दुसऱ्या दिवशी दुपारी. कोरी काठी घेऊन."

"आला होतात," ताई हळूच म्हणाली. तिला ते आठवलं. "मी ड्यूटीवर होते. काका दारात उभे होते, हातात काठी. मला वाटलं, बाबांना आधाराला आणलीय. मी ट्रे ठेवून परत आले तर नव्हते."

"मग?" मिस्त्रींनी विचारलं. "आत का नाही आलास?"

काकांनी पहिल्यांदा मान वर केली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवण्याची त्यांनी खटपट केली नाही.

"तू निजला होतास. चादर हनुवटीपर्यंत, हात बाहेर, सरळ. तोंड पांढरं पडलेलं. मला फक्त काठी लावायची होती, कोपरापासून बोटापर्यंत. मी काठी पुढे केली आणि..." ते थांबले. "निजलेल्या माणसाला आपण काठी कधी लावतो, दादा?"

मिस्त्रींना समजलं. आईंनाही समजलं. या शेडमध्ये होड्या व्हायच्या तशा शवपेट्याही व्हायच्या. गावात कोणी गेलं की दोघा भावांतला एक जाऊन माप घेऊन यायचा. बापाने दोघांना अगदी लहानपणी सांगितलं होतं, की जिवंत माणूस निजलेला असताना त्याच्या अंगाला काठी लावायची नाही, खेळातसुद्धा नाही. ही गोष्ट कोणत्या पुस्तकात नव्हती आणि कोणत्या वहीतही नव्हती. पण दोघांनी ती सत्तर वर्षं पाळली होती.

"मला ते जमलं नाही," काका म्हणाले. "तुझं माप मी घेतलं नाही. म्हणून माझंच घेतलं."

मास्तरने खिडकीबाहेर पाहिलं. ही समजूत खुळी आहे, असं म्हणायला तो एरवी क्षणभर थांबला नसता. आज त्याला वाटलं, त्या दारात मी असतो तरी मीही काठी पुढे केली नसती.

धक्क्याच्या दगडांवर पाणी आपटल्याचा आवाज आत येत होता.

"अहो," आई म्हणाल्या, "पुस्तकात लिहिलंय का, हात कोणाचा धरायचा ते?"

"नाही," मिस्त्री म्हणाले. त्यांना जड गेलं, पण म्हणाले. मग ते बाकाच्या दुसऱ्या टोकाकडे गेले, काकांसमोर सरळ उभे राहिले, आणि डाव्या हाताने उजव्या हाताची बाही कोपरावर सरकवली. हात आता बारीक झाला होता. शिरा वर आल्या होत्या.

"मी आत्ता उभा आहे ना?"

"आहेस."

"मग घे माप."

काकांनी कोपऱ्यातली एक कोरी पट्टी उचलली. ताईने दुसरं टोक धरलं. कोपराशी टेकवली, मधल्या बोटाच्या टोकाशी पेन्सिलीची खूण केली. मिस्त्रींनी ती पट्टी घेऊन निरखून पाहिली, फुंकर मारून भुसा उडवला आणि परत दिली.

"भिंतीवर टांग," ते म्हणाले. "आणि पाचर करू नकोस तिची."

जुळ्या आधी हसल्या. मग आई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी तोंडाला फडकं लावलं.

"पाणी पुरं चढलंय," सून दारातून म्हणाली. "जायचं तर आता. तासाभरात ओहोटी लागेल."

"गोण्या डावीकडे ठेवतो," मास्तर म्हणाला.

"गोण्या नकोत," मिस्त्री म्हणाले. "चला सगळे."

धक्क्यावर फळी टाकली होती. मास्तरने आईला हात दिला, सुनेने मुलींना आत घेतलं, ताई त्यांच्या मागून गेली. काका फळीपाशी येऊन थांबले. पुढे जावं की नाही हे कोणी सांगेल म्हणून ते उभे राहिले. मिस्त्रींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"आधी तू."

काका आत गेले आणि वळून सवयीने उजव्या भिंतीकडे निघाले.

"तिकडे नको," मागून मिस्त्री म्हणाले. "जन्मभर तिथे होतास. माझ्या बाजूला बस."

काका डावीकडच्या फळीवर बसले. दोन्ही बाजूंना सारखे बसलेल्या सगळ्यांकडे त्यांनी एकदा पाहिलं, मग खाली पायांकडे. त्यांच्यातला सुतार गप्प बसेना.

"दादा, दोघंही इकडे बसलो तर डावीकडे कलेल."

"कलू दे," मिस्त्री म्हणाले, आणि भावाला खेटून बसले.